एकादशीच्या घरी शिवरात्र: ऑटोफॅजी, उपवास आणि क्षय

व्हॉट्सॲप फॉरवर्ड हा आज मराठीत बहुधा सगळ्यात जास्त वाचला जाणारा गद्यप्रकार असावा. कथा-कादंबऱ्यांची समीक्षा होते, सिनेमांची होते, वेब सिरीजचीही होते. फॉरवर्डची होत नाही. त्याला लेखक नसतो, तारीख नसते, त्यामुळे तो कुणीतरी लिहिलाय असं आपल्याला वाटतच नाही. पण तोही मजकूरच आहे. त्यात रूपकं असतात, युक्तिवाद असतो, आणि तो वाचून माणसं काहीतरी करतात. कादंबरी वाचून कुणी जेवण सोडल्याचं मी ऐकलेलं नाही. फॉरवर्ड वाचून सोडलेलं पाहिलंय.

मी ज्या फॉरवर्डबद्दल लिहितेय तो आमच्या पुणतांब्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर एकादशीच्या आदल्या रात्री हमखास येतो. तुमच्याही ग्रुपवर येत असेल. त्याचा सारांश असा: एका जपानी शास्त्रज्ञाला उपवासावर नोबेल मिळालं. पोट सोळा तास रिकामं ठेवलं की शरीर स्वतःतला कचरा, रोगजंतू आणि कॅन्सरच्या पेशी खाऊन टाकतं. याला ऑटोफॅजी म्हणतात. आपल्या पूर्वजांना हे आधीच माहीत होतं, म्हणून त्यांनी एकादशी सांगितली. शेवटी हात जोडलेली इमोजी.

माझं जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं. मी हिंजवडीत कोड लिहिते. पण कोड वाचायची सवय मजकूर वाचायलाही उपयोगी पडते: कुठलं वाक्य कशावर उभं आहे, मधली कुठली पायरी गाळली आहे, हे डोळा शोधत राहतो. या फॉरवर्डमधली गाळलेली पायरी मला फार महत्त्वाची वाटते. कारण ज्या आजाराच्या बाबतीत ऑटोफॅजी आणि रोगजंतू यांचं नातं सगळ्यात बारकाईनं तपासलं गेलं, तो आजार आपल्या घरातलाच आहे. तो म्हणजे क्षय, टीबी.

कर्ता बदलला

आधी मूळ गोष्ट. 'ऑटोफॅजी' हा शब्द बेल्जियन शास्त्रज्ञ ख्रिस्तियान द दूव्ह यांनी १९६३ साली वापरात आणला. ग्रीक भाषेतून घडवलेला हा शब्द, अर्थ 'स्वतःला खाणं'. मराठीत स्वभक्षण. पेशीच्या आत विकरांनी भरलेल्या छोट्या पिशव्या असतात, लायसोसोम. त्यांचा शोधही द दूव्ह यांचाच. पेशीतला जुना, मोडका भाग एका दुहेरी पापुद्र्यात गुंडाळला जातो, ते गाठोडं लायसोसोमशी जोडलं जातं, आतला माल पचतो आणि सुटे झालेले घटक पुन्हा वापरले जातात.

आपल्या शाळेच्या पुस्तकात लायसोसोमला 'लयकारिका' म्हणतात. परिभाषा समित्यांनी घडवलेले बरेच शब्द तोंडात बसत नाहीत, पण हा शब्द मला आवडतो. उत्पत्ती, स्थिती, लय यांतला लय. विरघळून मुळात मिसळणं. नाश आणि पुनर्वापर या दोन्ही छटा त्यात आहेत. त्याच लायसोसोमचं दुसरं शाळकरी नाव 'आत्मघाती पिशवी'. हे नाव मात्र दिशाभूल करणारं. ही पिशवी बहुतेक वेळ पेशीला मारायचं नाही, जगवायचं काम करत असते. एकाच वस्तूला दोन नावं, आणि दोन्हींतून निघणाऱ्या गोष्टी उलट्या. रूपक निवडणं म्हणजे काय, ते इथे दिसतं.

आता नोबेल. योशिनोरी ओसुमी यांनी १९८८च्या सुमारास टोकियोत यीस्टवर काम सुरू केलं. यीस्ट म्हणजे पावाचं पीठ फुगवणारं किण्व. त्यांनी अशी यीस्ट घेतली जिच्यात पचवणारी विकरं काम करत नाहीत, आणि तिला उपाशी ठेवलं. काही तासांत पेशीच्या रिक्तिकेत न पचलेली गाठोडी साचलेली सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. मग ज्या यीस्टमध्ये ती साचत नाहीत अशा बिघडलेल्या जाती शोधून त्यांनी १९९३ साली या प्रक्रियेला लागणारी पंधरा जनुकं वेगळी काढली. २०१६चं नोबेल या यंत्रणेच्या शोधांसाठी आहे. उपवास करणारी माणसं त्यात कुठेच नाहीत.

मूळ वाक्य व्याकरणात मांडून बघा. 'पोषण मिळालं नाही की यीस्टची पेशी स्वतःचे भाग पचवते.' कर्ता: पेशी. कर्म: स्वतःचे भाग. फॉरवर्डमधलं वाक्य: 'तुम्ही जेवला नाहीत की शरीर रोगजंतू खातं.' कर्ता बदलला, कर्मही बदललं. क्रियापद तेवढं तेच राहिलं, आणि त्या एका 'खाणं'च्या जोरावर नोबेल इकडून तिकडे वाहून आणलं.

या दोन कर्त्यांमध्ये अंतर किती? यीस्ट ही एकटी पेशी. तिच्या भोवतीचं अन्न संपलं की संपलं. आपण अब्जावधी पेशींचा संसार आहोत, आणि त्या संसाराची सगळी व्यवस्था एका जेवणाची चुकामूक आतल्या पेशींना जाणवू नये यासाठीच आहे. यकृत साठवलेली साखर सोडतं, मेद वितळतो, रक्तातली साखर सांभाळली जाते. उंदराला उपाशी ठेवलं तर त्याच्या यकृतात ऑटोफॅजी वाढते, हे प्रयोगांत दिसलं आहे. पण एका दिवसाच्या उपवासात उंदराचं वजन लक्षणीय घटतं. आपलं तसं होत नाही. शिवाय आपला उपवास. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याच्या चकत्या, वर राजगिऱ्याचा लाडू. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. तो खाल्ला की इन्शुलिन वाढतं, आणि इन्शुलिन हा पेशीला 'अन्न आलं, आता स्वतःला खाऊ नकोस' असं सांगणारा निरोप आहे. म्हणजे फॉरवर्डचं शास्त्र खरं मानलं, तरी त्याच शास्त्रानुसार आपली एकादशी नापास होते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणणाऱ्या आज्यांना शरीरशास्त्र बरं कळत होतं.

दारातून परत गेलेला काळ

आमच्या गावात गोदावरीच्या काठी चांगदेव महाराजांची समाधी आहे. ते चौदाशे वर्षं जगले अशी आख्यायिका आहे. मृत्यूची घटका आली की ते समाधी लावून बसायचे, काळ दाराशी येऊन परत जायचा, आणि घटका टळली की ते डोळे उघडायचे. लहानपणी ऐकलेली ही गोष्ट मला टीबीच्या जंतूबद्दल वाचताना सारखी आठवत राहिली. योग्याची आणि जंतूची बरोबरी करायची नाहीये. फक्त युक्ती ओळखीची वाटते.

टीबीचा जंतू खोकल्यातल्या थेंबांतून फुप्फुसात जातो. तिथे महाभक्षी पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, गस्तीला असतात. त्यांतली एखादी जंतूला गिळते आणि तो तिच्या आत एका पिशवीत बंद होतो. पुढचा नेहमीचा क्रम असा की ती पिशवी लायसोसोमला जाऊन मिळते आणि जंतू पचतो. टीबीचा जंतू हे मिळणं अडवतो. १९७१ साली आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी लंडनमध्ये हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं: जिवंत जंतूंच्या पिशव्यांशी लायसोसोम जोडले जात नाहीत. काळ दाराशी आहे, आत येत नाही. ज्या पेशीनं त्याला मारायचं तीच त्याचं घर होते, आणि काही माणसांत तो तिथे वर्षानुवर्षं, कधी कधी दशकानुदशकं, गप्प बसून राहतो.

२००४ साली गुटिएरेझ, डेरेटिक आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्यांनी काचेच्या बशीतल्या मॅक्रोफेज पेशींना काही तास उपाशी ठेवलं, किंवा रॅपामायसिन या औषधानं त्यांना उपाशी असल्याचा भास दिला. ऑटोफॅजी सुरू झाली, अडलेल्या पिशव्या लायसोसोमला मिळाल्या आणि आतल्या जंतूंचं जगणं कठीण झालं. त्याच वर्षी जपानी गटानं घशाच्या संसर्गाला कारण होणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसबद्दल तसंच दाखवलं. पेशीची कचऱ्याची व्यवस्था ही तिची संरक्षणव्यवस्थाही आहे, ही कल्पना तिथून जोरात पुढे आली.

'उपासमारीनं टीबीचा जंतू मरतो' या वाक्याला थोडासा तरी खरा आधार असेल तर तो इथे आहे. म्हणून इथेच थांबून कर्ता पुन्हा तपासायचा: बशीतली पेशी, काही तास. सहा महिने टीबीशी झगडणारी बाई नव्हे.

शत्रू कसा ओळखतात

पेशीनं जंतूला ओळखलं कसं, हा या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग. फॉरवर्डमध्ये, आणि खरं तर विज्ञानाच्या पुस्तकांतही, इथे युद्ध सुरू होतं. सैनिक, शत्रू, हल्ला, ढाल. पेशीत जे घडतं ते युद्धापेक्षा नगरपालिकेच्या कामासारखं जास्त आहे.

टीबीच्या जंतूकडे एक यंत्रणा आहे, जिच्यामुळे तो आपल्या भोवतीच्या पिशवीला भोकं पाडू शकतो. भोक पडलं की जंतूचा डीएनए पेशीच्या आतल्या द्रवाला उघडा दिसतो. पेशीचा नियम साधा: डीएनए केंद्रकात असायला हवा, इथे बाहेर कसा? गजर होतो आणि जंतूवर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची लेबलं चिकटतात. हेच लेबल पेशी रोज आपल्या स्वतःच्या मोडक्या प्रथिनांवर लावत असते. लेबल दिसलं की पापुद्रा येतो, गुंडाळतो, लायसोसोमकडे नेतो. वॉटसन, मँझानिलो आणि कॉक्स यांनी २०१२ साली ही साखळी टीबीसाठी मांडली.

साल्मोनेलाच्या बाबतीत ओळख आणखी आडवळणानं पटते. साल्मोनेलाची पिशवी फाटली की तिच्या आतल्या बाजूची साखरेची साखळी उघडी पडते. गॅलेक्टिन-८ हे प्रथिन त्या साखरेला चिकटतं आणि तिथून सफाईची चक्रं फिरतात. केंब्रिजमध्ये रँडाऊ यांच्या गटानं २०१२ साली हे दाखवलं. इथे जंतूचा चेहरा कुणी पाहिलेलाच नाही. घराची भिंत फुटलीय, एवढंच पाहिलंय.

प्रोग्रामर वाचकांना गार्बेज कलेक्टर आठवेल. तो एखादी वस्तू चांगली की वाईट हे विचारत नाही. ती अजून कुणाच्या कामाची आहे का, एवढंच बघतो. उपमा इथपर्यंत चालते, पुढे तुटते. कारण गार्बेज कलेक्टरच्या विरोधात कुणी डाव खेळत नसतं. इथे खेळतात. लिजिओनेला नावाचा जंतू पेशीत एक प्रथिन सोडतो, जे गुंडाळणाऱ्या पापुद्र्यावरची आवश्यक खूण कापून टाकतं, आणि अशी कापतं की ती पुन्हा जोडता येत नाही. शिगेला आणि लिस्टेरिया स्वतःवर प्रथिनं पांघरून लेबलांपासून लपतात.

याहून खोल गोष्ट तंतुकणिकांची. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, कधीकाळी स्वतंत्र जीवाणू होत्या. त्या मोडकळीला आल्या की त्यांना हटवण्यासाठी पेशी पार्किन नावाचं प्रथिन वापरते. पार्किनमधला बिघाड पार्किन्सनच्या आजारासाठी ओळखला जातो. २०१३ साली असं दिसलं की तेच पार्किन टीबीच्या जंतूवरही लेबलं लावतं, आणि ते नसलेले उंदीर टीबीपुढे दुबळे पडतात. त्याआधी २००४ मध्ये व्हिएतनाम आणि ब्राझीलमधल्या लोकांच्या अभ्यासात पार्किनच्या जनुकालगतच्या बदलांचा संबंध कुष्ठरोग होण्याच्या शक्यतेशी जोडला गेला होता. कुष्ठरोगाचा जंतू टीबीच्या जंतूचा भाऊबंद. आनंदवन आणि तपोवन ज्या महाराष्ट्रात उभी राहिली, तिथे शतकानुशतकं 'पाप' म्हणून ज्याची संभावना झाली, त्या आजाराची एक किल्ली पेशीच्या कचरापेटीपाशी सापडावी, हे वाचून मी काही वेळ गप्प बसले होते.

म्हणजे पेशीला 'आपला' आणि 'परका' हा भेद आपण समजतो तितका महत्त्वाचा नाही. जुना जीवाणू आज तिच्या घरातला आहे, तो बिघडला तर त्यालाही हेच लेबल. नवा जीवाणू घुसला, त्यालाही हेच. प्रश्न मोडतोडीचा आहे.

आवृत्ती क्रमांक नसलेलं ज्ञान

फॉरवर्ड आणि शोधनिबंध यांतला एक फरक मला व्यवसायामुळे चटकन दिसतो. शोधनिबंधाला आवृत्ती असते. त्यानंतर कुणीतरी येऊन म्हणतं, मी हे चालवून पाहिलं, इथे अडलं.

२०१२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की ऑटोफॅजीसाठी लागणारं एटीजी-५ हे जनुक रोगप्रतिकारक पेशींतून काढलं की टीबीमुळे उंदीर फार लवकर मरतात. गोष्ट सरळ वाटली: ऑटोफॅजी नाही, म्हणून जंतू माजले. मग २०१५ मध्ये सेंट लुईसच्या एका गटानं ऑटोफॅजीची इतर जनुकंही एकेक करून काढली, आणि उंदरांना तसं काही झालं नाही. एटीजी-५ गेल्यावर जे घडत होतं त्यात मोठा वाटा न्यूट्रोफिल या पेशींनी घातलेल्या धुमाकुळाचा होता. ज्यावर दहा वर्षं इमारत चढली त्या पायालाच प्रश्न पडला. २०२३ मध्ये आणखी दोन अभ्यास आले. एकात मानवी मॅक्रोफेजमधून ऑटोफॅजीची दोन वेगळी जनुकं काढल्यावर टीबीचे जंतू जास्त वाढले. दुसऱ्यानं उंदरांमध्ये संसर्गाच्या सुरुवातीच्या काळात ऑटोफॅजी जंतूंना आवरते असं दाखवलं. आता चित्र आधीपेक्षा गुंतागुंतीचं आहे आणि जास्त खरं आहे: ऑटोफॅजी टीबीला आवरते, पण कुठल्या पेशीत, कुठल्या टप्प्यावर, यावर बरंच अवलंबून.

हे सगळं होत असताना आमच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड शब्दशः तोच राहिला. त्यात बदलायला जागाच नाही, कारण त्याला खरं ठरायचं नसतं, पटायचं असतं.

२०१५च्या त्या अभ्यासातून आणखी एका शब्दाची झडती घेता येते: 'प्रतिकारशक्ती'. कोविडपासून हा शब्द आपण काढ्यासारखा उकळतोय. शक्ती म्हटलं की ती वाढवायची. पण ते उंदीर प्रतिकार कमी पडून मेले असं सरळ म्हणता येत नाही; त्यांच्या फुप्फुसांत प्रतिकारच बेताल झाला होता. टीबीत फुप्फुसाला जी भगदाडं पडतात त्यांतही शरीराच्या स्वतःच्या दाहाचा मोठा हात असतो. ऑटोफॅजीचं एक काम जंतू पचवणं, आणि तितकंच मोठं दुसरं काम दाह आवरणं. मोडक्या तंतुकणिका वेळेवर उचलल्या नाहीत तर त्यांतून गळणारे पदार्थ दाहाचा गजर वाजवत राहतात. आतड्याच्या क्रोन्स आजाराचा संबंध एटीजी-१६एल-१ या ऑटोफॅजीच्या जनुकातल्या एका बदलाशी २००७ मध्येच जोडला गेला, तो याच कारणानं महत्त्वाचा. मला विचाराल तर 'शक्ती'पेक्षा 'तारतम्य' हा शब्द जवळचा आहे. पण 'तारतम्य वाढवणारं चूर्ण' कोण विकत घेणार?

क्षय: कोण कुणाला खातं

आता ज्या कारणासाठी हे लिहायला बसले ते. टीबीला आपण क्षय म्हणतो, जुन्या ग्रंथांत राजयक्ष्मा. दक्षाच्या शापानं चंद्राला झालेला हाच आजार, म्हणून तो कलेकलेनं झिजतो अशी कथा. जंतूचा पत्ता लागण्याच्या कितीतरी आधी भाषेनं लक्षण पकडलं होतं: माणूस झिजत जातो. रॉबर्ट कॉख यांनी जंतू जाहीर केला तो मार्च १८८२ मध्ये. पाचच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयानं गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. जंतू माहीत होता, औषध यायला अजून साठेक वर्षं होती.

सूझन साँटॅग यांनी १९७८च्या 'इलनेस ॲज मेटाफर'मध्ये दाखवलं की एकोणिसाव्या शतकातल्या युरोपनं क्षयाला नाजूक, हळव्या, प्रतिभावान माणसांचा आजार बनवलं होतं. आपल्या जुन्या सिनेमांतला खोकला आणि रुमालावरचा रक्ताचा ठिपका त्याच घराण्यातला. साँटॅग यांचं म्हणणं होतं की रूपकं रुग्णाच्या माथी मारली जातात आणि ती उपचाराच्या आड येतात. आजचं आपलं रूपक वेगळं आहे. आज क्षय हळव्यांचा नाही, 'शरीरात घाण साचलेल्यांचा' आहे, आणि उपाय म्हणून शुद्धी सांगितली जाते. दुबळ्या माणसाला पुन्हा स्वतःच्या आजाराचा गुन्हेगार केलं, एवढं साम्य कायम.

आमच्या नात्यातल्या एका काकूंना फुप्फुसाचा टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या. काकू मुळातच काटकुळ्या, त्यात संकष्टी, दोन्ही एकादशा आणि गुरुवार. घरातल्या सगळ्यांची ताटं झाल्यावर पातेल्यात उरेल ते त्यांचं जेवण. आशाताई वजन करायला आल्या आणि म्हणाल्या, "काकू, उपवास बंद करा बरं थोडे दिवस." काकूंनी मोबाइल पुढे केला. त्यात नोबेल होतं. आशाताईंनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. "देव काय पळून चाललाय का? सहा महिने खाऊन घ्या, मग करा काय करायचं ते." काकूंना ते पटायला बरेच दिवस लागले, कारण समोर एका बाजूला आशाताई आणि दुसऱ्या बाजूला जपान होता.

'एकादशीच्या घरी शिवरात्र' ही म्हण अशाच घरासाठी आहे: जिथे आधीच उपास, तिथे आणखी एक उपास पाहुणा आला.

कारण माणसाच्या पातळीवर पुरावा नेमका उलट दिशेला आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि इथे हा आजार फोफावण्यामागच्या मोठ्या कारणांत कुपोषण आहे. मंगळूरचे डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात झारखंडमध्ये एक मोठा अभ्यास केला. रुग्णांच्या घरच्या दहा हजारांहून जास्त माणसांपैकी एका गटाला दरमहा डाळ-तांदळाचा शिधा जास्तीचा दिला. त्या गटात नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि फुप्फुसाच्या, तपासणीत जंतू सापडलेल्या टीबीचं ४८ टक्क्यांनी. रुग्णांमध्ये पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्के वाढलं तर मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्के कमी आढळला. लस नाही, नवं औषध नाही. डाळ आणि तांदूळ. २०१७ साली ज्या गावानं शेतकरी संपाची ठिणगी टाकली, त्या पुणतांब्यातल्या माणसाला धान्याचं मोल नव्यानं सांगायला नको. सरकारही निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला खाण्यासाठी पैसे देतं: २०१८ पासून महिना ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १०००.

पेशीची उपासमार जंतूला मारते आणि माणसाची उपासमार जंतूला पोसते, यात विरोधाभास वाटेल. नाहीये. मॅक्रोफेजला काम करायला प्रथिनं लागतात, नव्या पेशी घडवायला लागतात, त्यांना हुकूम देणाऱ्या टी-पेशींची फौज उभी ठेवायला लागतात. दीर्घकाळ उपाशी शरीरात हा सगळा कारखानाच मंदावतो. पेशी जेव्हा स्वतःचा मोडका भाग खाते तेव्हा ती जगते. शरीर जेव्हा स्वतःचे स्नायू खाऊ लागतं, तेव्हा त्याला आपण फार पूर्वीपासून क्षय म्हणतो. दोन्ही स्वभक्षणच. म्हणून तर कर्ता कोण हे विचारायचं.

आणि काकूंना ऑटोफॅजी हवीच असेल, तर ती त्यांच्या डबीत आहे. २०१२ मध्ये कोरियन शास्त्रज्ञांनी पेशींवर आणि फळमाश्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की आयसोनायझिड आणि पायराझिनामाइड ही टीबीची नेहमीची औषधं संसर्ग झालेल्या पेशींत ऑटोफॅजी सुरू करतात, आणि ती सुरू झाली नाही तर औषधांचा परिणामही घटतो. म्हणजे गोळी एकटी काम करत नाही, पेशीला सोबत घेते. आणखी एक छोटी भाषिक सूचना: यातल्या काही गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायला सांगतात. 'गोळी रिकाम्या पोटी घ्या' म्हणजे 'पोट रिकामं ठेवा' असं नव्हे.

काय ठेवायचं, काय टाकायचं

हा लेख उपवासाच्या विरोधात नाही. धडधाकट माणसानं एकादशी करावी, भगर-आमटी चवीनं खावी, विठ्ठलाचं नाव घ्यावं. त्यासाठी नोबेलच्या शिफारसपत्राची गरज नाही. उलट ते मागताना आपण श्रद्धेलाही कमी लेखतो आणि विज्ञानालाही: एकीला दाखला हवा असं ठरवतो, दुसऱ्याला शिक्का मारणारा कारकून करतो. आणि उपवास कोण करतं तेही पाहायला हवं. आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड पाठवणारे बहुतेक काका-मामा आहेत. उपवास धरणाऱ्या बहुतेक काकू-माम्या. त्यातही सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या.

'स्वभक्षण' हा शब्द टाकू नये. 'लयकारिका' तर नक्कीच ठेवावा. 'शुद्धी', 'घाण', 'विषारी द्रव्यं बाहेर' हे शब्द मात्र टीबीच्या रुग्णासमोर बोलण्याआधी गिळावेत. आणि पुढच्या एकादशीच्या आदल्या रात्री तो फॉरवर्ड आला, की त्याखाली तीन प्रश्न लिहून पाहा: कोण खातंय? काय खातंय? किती वेळ? ग्रुपवर कुणाच्या घरी टीबीच्या गोळ्या सुरू असतील, तर चौथी ओळही लिहा: वजन किती आहे, गेल्या महिन्यात किती होतं, आणि आज ताटात डाळ होती का.